सीक्वेन्सर-खंड

सीक्वेन्सर-खंड म्हणजे रोलअप प्रकारच्या ब्लॉकचेनवर व्यवहारांचा क्रम लावणारी संगणकप्रणाली काही काळ बंद पडणे, किंवा ती चालू असूनही तिने नवे व्यवहार स्वीकारण्याचे थांबवणे. या प्रणालीला सीक्वेन्सर असे नाव आहे. २०२१ पासून आर्बिट्रम, बेस, लिनिया, पॉलिगॉन झेडकेईव्हीएम, स्टार्कनेट अशा अनेक रोलअपांवर असे खंड पडले आहेत. कोणताही संगणक कधीतरी बंद पडतोच. त्यामुळे खंड पडला, एवढ्यावरून एखाद्या रोलअपची पारख होत नाही. त्या काळात वापरकर्त्याचे पैसे कोणाच्या हाती असतात, आणि सीक्वेन्सरला वगळून ते बाहेर काढण्याची वाट त्याला उपलब्ध असते की नाही, या दोन प्रश्नांवर पारख ठरते.

पार्श्वभूमी

इथेरियम ही ब्लॉकचेन ३० जुलै २०१५ रोजी सुरू झाली. जगभरचे हजारो संगणक तिची एकच वही सांभाळतात, म्हणून ती विश्वासार्ह आहे. आणि त्याच कारणाने ती संथ व महाग आहे. यावर उपाय म्हणून रोलअप पुढे आले. नावातच वळकटीची कल्पना आहे: शेकडो व्यवहार बाहेर उरकायचे, त्यांची वळकटी बांधायची आणि ती इथेरियमवर नेऊन ठेवायची.

जुन्या पेढीवरील हिशेबाच्या रीतीशी याची तुलना करता येते. पेढीवर दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरवले जात आणि नंतर खतावणीत ज्याच्या त्याच्या खाती पडत. रोलअपमध्ये सीक्वेन्सर हा रोजकीर्द लिहिणारा कारकून असतो. कोणाचा व्यवहार आधी आणि कोणाचा नंतर, हे तो ठरवतो, आणि ठरावीक काळाने त्या रोजकीर्दीची प्रत इथेरियमवर ठेवतो. प्रत सर्वांना खुली असल्याने कोणताही संगणक तिच्यावरून खतावणी पुन्हा मांडू शकतो. म्हणूनच कारकुनाला दुसऱ्याच्या खात्यातील पैसे आपल्या खाती वळवता येत नाहीत, कारण खातेदाराच्या डिजिटल सहीशिवाय नोंद ग्राह्य धरली जात नाही. मात्र नोंद न करणे, उशिरा करणे किंवा वही मिटून निघून जाणे, हे सारे तो करू शकतो.

हा कारकून बहुधा एकटाच असतो. आर्बिट्रम वनचा सीक्वेन्सर आर्बिट्रमच्याच संस्था चालवतात, बेसचा कॉइनबेस ही अमेरिकन कंपनी. २०२५ अखेरपर्यंत मोठ्या रोलअपांपैकी बहुतेकांची हीच स्थिती होती. विकेंद्रीकरणाचा एवढा घोष ज्या क्षेत्रात होतो, तेथे दैनंदिन कारभाराची किल्ली एकाच हाती असावी, ही विसंगती लपून राहण्याजोगी नाही.

खंडाचे दोन प्रकार : रायगड जिल्ह्यातील दोन प्रसंग

सेवा थांबणे आणि हिशेब बिघडणे या दोन वेगळ्या आपत्ती आहेत. वापरकर्त्याला मात्र सुरुवातीला दोन्ही सारख्याच दिसतात. खिडकी बंद असते, एवढेच त्याला कळते. रायगड जिल्ह्याने हे दोन्ही प्रकार दहा वर्षांच्या अंतराने अनुभवले आहेत. त्यांचा ब्लॉकचेनशी संबंध नाही, परंतु भेद समजून घेण्यास ते उपयोगी पडतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. पेण, रोहा यांसह जिल्ह्याच्या अनेक भागांत वीज आणि दूरध्वनी सेवा खंडित झाली. दक्षिण रायगडातील काही गावांत वीज पूर्ववत होण्यास बरेच दिवस लागले. वीज आणि संपर्क नसल्याने पैशांचे डिजिटल व्यवहारही थांबले. मात्र कोणाच्याही खात्यातील रक्कम त्यामुळे घटली नाही. हिशेब दूरच्या संगणकांवर शाबूत होता. खातेदार आणि हिशेब यांच्यामधील दुवा तेवढा तुटला होता.

पेण अर्बन सहकारी बँकेचा प्रसंग याच्या उलट होता. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घातले आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांच्या ठेवी अडकल्या. बनावट कर्जखात्यांच्या मार्गाने शेकडो कोटी रुपयांचा गैरव्यवहार झाल्याचे पुढे आले. येथे दुवा शाबूत होता, इमारती उभ्या होत्या, ठेवीदारांच्या हाती पासबुके होती; वहीत दिसणाऱ्या कर्जांमागे मात्र वसूल होण्याजोगा पैसा नव्हता. ठेवीदारांनी मोर्चे काढले, संघर्ष समिती स्थापन केली, न्यायालयाची दारे ठोठावली. बँकेला वगळून आपली ठेव परस्पर बाहेर काढण्याचा मार्ग त्यांना कोणत्याही नियमाने दिलेला नव्हता.

रोलअपचे रचनाकार असा दावा करतात की त्यांच्या रचनेत दुसरा प्रसंग संभवत नाही आणि पहिल्यातून सुटण्याची वाट नियमांतच लिहिलेली आहे. दाव्याचा पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. दुसरा भाग प्रत्येक रोलअपच्या बाबतीत तपासून पाहावा लागतो.

व्यवहाराच्या तीन अवस्था

खंड पडण्याच्या क्षणी एखादा व्यवहार कोणत्या अवस्थेत होता, यावर त्याचे भवितव्य ठरते.

वापरकर्त्याने वॉलेटमधून व्यवहार धाडला की सीक्वेन्सर एक-दोन सेकंदांत तो स्वीकारल्याचे कळवतो. वॉलेटवर ‘पूर्ण’ असे दिसते. प्रत्यक्षात हे सीक्वेन्सरने दिलेले तोंडी आश्वासन असते. पावती हाती पडली, वही अजून इथेरियमवर गेलेली नाही. त्यानंतर काही मिनिटांत, कधी त्याहून उशिराने, व्यवहारांचा गठ्ठा इथेरियमवर पोहोचतो. ही दुसरी अवस्था. इथेरियमचा तो ब्लॉक सुमारे तेरा मिनिटांत अंतिम ठरतो आणि त्यानंतर तो क्रम बदलणे जवळजवळ अशक्य होते. ही तिसरी अवस्था.

सीक्वेन्सर बंद पडला तर तिसऱ्या अवस्थेतील व्यवहारांना कसलाही धोका नसतो. जे अद्याप धाडलेलेच नाहीत, ते खोळंबतात. खरी अनिश्चितता असते ती पहिल्या अवस्थेतील व्यवहारांची. सीक्वेन्सर त्याच स्मृतीसह पुन्हा उभा राहिला तर ते सुखरूप नोंदले जातात. तसे न झाल्यास ते गळून पडतात आणि वापरकर्त्याला नव्याने धाडावे लागतात. अशा वेळी तोच व्यवहार दोनदा घडण्याची भीती अनेकांना वाटते. प्रत्येक खात्याच्या व्यवहारांना अनुक्रमांक असतो आणि एका क्रमांकाचा एकच व्यवहार ग्राह्य धरला जातो. त्यामुळे जुन्याच क्रमांकाने पुन्हा धाडलेला व्यवहार दुप्पट होत नाही. मात्र घाईघाईने नव्या क्रमांकाने तीच रक्कम पुन्हा धाडली, तर सेवा सुरू झाल्यावर दोन्ही व्यवहार पार पडू शकतात.

सक्तीची नोंद

सीक्वेन्सरला वळसा घालण्याच्या सोयीला सक्तीची नोंद म्हणता येईल. वापरकर्ता आपला सही केलेला व्यवहार थेट इथेरियमवरील रोलअपच्या करारात, म्हणजे स्वयंचलित आज्ञावलीत, टाकतो. सीक्वेन्सरने तो मुदतीत उचलला नाही, तर रोलअपच्या नियमांनुसार तो नोंदला गेल्याचेच धरले जाते.

आर्बिट्रममध्ये ही मुदत सुमारे २४ तासांची आहे. व्यवहार आधी विलंबित पेटीत पडतो. २४ तास उलटल्यावर कोणीही तो मुख्य क्रमात ढकलू शकतो. ऑप्टिमिझमने तयार केलेल्या आणि बेसनेही स्वीकारलेल्या ओपी स्टॅक या प्रणालीत १२ तासांची खिडकी असते. तेवढ्या काळात सीक्वेन्सरकडून इथेरियमवर काहीच आले नाही, तर रोलअपचे सर्व नोड आपणहून ब्लॉक रचू लागतात आणि त्यांत केवळ इथेरियममार्गे आलेले व्यवहार घेतात. अशा रीतीने पैसे इथेरियमवर परत नेण्याचा व्यवहार नोंदवता येतो. तरीही ते लगेच हाती येत नाहीत. या जातीच्या रोलअपांत हिशेबावर हरकत घेण्यासाठी साधारण सात दिवसांची मुदत ठेवलेली असते आणि ती संपेपर्यंत थांबावे लागते.

सर्वच रोलअपांत ही सोय नाही. काहींनी इथेरियमवर रांग ठेवली आहे, परंतु ती उचलण्याची सक्ती सीक्वेन्सरवर नाही. अशी रांग तक्रारपेटीसारखी असते. काहींनी ती कागदावर ठेवून प्रत्यक्षात बंद केली. पॉलिगॉन झेडकेईव्हीएमच्या करारांत सक्तीच्या नोंदीची तरतूद लिहिलेली होती, पण प्राथमिक आवृत्तीत ती निष्क्रिय ठेवण्यात आली होती. रोलअपांचे मूल्यमापन करणारे एलटूबीट हे संकेतस्थळ प्रत्येक रोलअपला शून्य, एक किंवा दोन असा टप्पा देते; सीक्वेन्सर निकामी झाल्यास वापरकर्त्यास काय करता येते, हा त्या तपासणीतील एक प्रमुख मुद्दा असतो.

प्रमुख घटना

आर्बिट्रम वन ३१ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वांसाठी खुले झाले आणि १४ सप्टेंबरलाच त्याचा सीक्वेन्सर सुमारे ४५ मिनिटे ठप्प झाला. व्यवहारांचा अचानक लोंढा आणि प्रणालीतील दोष यांचा तो परिणाम होता. ९ जानेवारी २०२२ रोजी मुख्य सीक्वेन्सरच्या यंत्रसामग्रीत बिघाड झाला. पर्यायी सीक्वेन्सरनेही अपेक्षेप्रमाणे सूत्रे हाती घेतली नाहीत आणि सेवा सुमारे सात तास बंद राहिली. १५ डिसेंबर २०२३ रोजी पुन्हा व्यवहारांच्या लोंढ्याने तासाभराहून अधिक काळ खंड पडला. बेसवर ५ सप्टेंबर २०२३ रोजी सुमारे पाऊण तास आणि ५ ऑगस्ट २०२५ रोजी ३३ मिनिटे ब्लॉकनिर्मिती थांबली. दुसऱ्या वेळी मुख्य सीक्वेन्सर मागे पडल्याने कारभार पर्यायी सीक्वेन्सरकडे गेला, पण तो पर्याय पूर्णपणे सज्जच नव्हता. राखीव जनित्र असावे आणि त्यात डिझेल नसावे, असाच तो प्रकार.

पॉलिगॉन झेडकेईव्हीएमवरील २३ मार्च २०२४ चा खंड सुमारे दहा तासांचा होता. पॉलिगॉन हा प्रकल्प २०१७ मध्ये मॅटिक नेटवर्क या नावाने मुंबईत सुरू झाला, त्यामुळे महाराष्ट्रातील वाचकांना तो जवळचा आहे. इथेरियमच्या ब्लॉकांची पुनर्रचना झाल्यावर सीक्वेन्सरचा मेळ बिघडला. सक्तीची नोंद निष्क्रिय असल्याने वापरकर्त्यांना प्रकल्पाच्या अभियंत्यांवरच विसंबून राहावे लागले.

लिनियाची घटना निराळी आहे. २ जून २०२४ रोजी व्हेलोकोर या विनिमयकेंद्रावर दरोडा पडला. चोरीचा माल बाहेर जाऊ नये म्हणून लिनियाच्या चालकांनी सुमारे तासभर सीक्वेन्सर स्वतःहून थांबवला आणि हल्लेखोराचे पत्ते रोखले. हेतू चांगला होता. अनेक वापरकर्त्यांनी त्याचे स्वागतही केले. तथापि चोराला थांबवणारी कळ कोणालाही थांबवू शकते, आणि ती केव्हा दाबायची हे ठरवणारा कोणताही जाहीर नियम वापरकर्त्यापुढे नव्हता.

वर उल्लेखिलेला एकही खंड २४ तास टिकला नाही. आर्बिट्रम आणि बेस यांचे खंड त्यांच्या अनुक्रमे २४ आणि १२ तासांच्या मुदतीआधीच संपले. अर्थात सक्तीच्या नोंदीचा उपयोग अशा नित्याच्या बिघाडांत झालेला नाही आणि होण्याजोगाही नव्हता. सीक्वेन्सर कायमचा नाहीसा होणे किंवा एखाद्या वापरकर्त्याला जाणूनबुजून डावलले जाणे, या प्रसंगांसाठी ती तरतूद आहे. प्रचारात मात्र ती सर्व प्रकारच्या खंडांवरचा उतारा असल्यासारखी सांगितली जाते.

अल्पकालीन खंडाचा भार

ज्याने रोलअपवर पैसे नुसते ठेवले आहेत, त्याचे अर्ध्या तासाच्या खंडाने काही बिघडत नाही. बिघडते ते कर्जदाराचे. रोलअपवरील कर्जव्यवहारांत वापरकर्ता इथरसारखे नाणे तारण ठेवून कर्ज घेतो. तारणाची किंमत ठरावीक पातळीखाली गेली की ते आपोआप विकले जाते. सीक्वेन्सर बंद असताना बाजार बंद नसतो. बाहेर भाव कोसळत असतो, कर्जदाराला अधिक तारण भरायचे असते, पण भरण्याची वाट नसते. सीक्वेन्सर सुरू होताच नवा भाव प्रणालीत शिरतो आणि तारण विकून टाकण्यासाठी टपलेल्या स्वयंचलित आज्ञावल्या कर्जदाराच्या आधी पोहोचतात.

त्यातही विषमता आहे. इथेरियममार्गे व्यवहार धाडण्याचे ज्ञान आणि त्यासाठी लागणारे कैक पटींनी अधिक शुल्क ज्याच्यापाशी आहे, त्याचा व्यवहार रांगेत आधी लागू शकतो. सामान्य वापरकर्त्याच्या वॉलेटमध्ये बहुधा तशी सोय नसते. यावर उपाय म्हणून चेनलिंक ही सेवा सीक्वेन्सर चालू आहे की बंद, याची नोंद रोलअपवरच उपलब्ध करून देते. आवे या कर्जप्रणालीच्या तिसऱ्या आवृत्तीत त्या नोंदीवर आधारलेला पहारा आहे. सेवा पुन्हा सुरू झाल्यावर काही काळ तारणविक्री रोखून कर्जदाराला सावरण्याची संधी दिली जाते. प्रत्येक कर्जप्रणाली असे करते असे नाही, आणि कर्ज घेण्यापूर्वी हे तपासणारे थोडेच असतात.

अनेक सीक्वेन्सर ठेवण्याचा पर्याय

एक कारकून बंद पडतो, तर तीन ठेवावेत, हा सहज सुचणारा उपाय आहे. स्टार्कनेटने सप्टेंबर २०२५ च्या आरंभी ग्रिंटा नावाच्या सुधारणेद्वारे तो अमलात आणला. २ सप्टेंबर रोजी त्या तीन सीक्वेन्सरांना इथेरियमची स्थिती वेगवेगळी दिसू लागली, एकमत होईना, आणि सेवा काही तास विस्कळीत झाली. दुरुस्तीच्या ओघात साखळी मागे न्यावी लागली व सुमारे तासाभराचे व्यवहार रद्द झाले. ‘पूर्ण’ असे दिसलेले व्यवहार वापरकर्त्यांना पुन्हा करावे लागले. एकाच सीक्वेन्सरवरील अवलंबित्व घटवण्याचा मार्ग म्हणून या प्रयोगाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. परंतु अनेकांमध्ये एकमत घडवणे हे स्वतंत्र आणि कठीण काम आहे, हे त्यातून दिसले.

भारतातील स्थिती

केंद्रीय यंत्रणा बंद पडण्याचा अनुभव भारतीय वापरकर्त्यांना नवा नाही. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय सेवा देशभर विस्कळीत झाली होती. तेथे मात्र दाद मागण्याचा मार्ग आखलेला आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीस यूपीआयने धाडलेली, खात्यातून वजा झालेली पण पोहोचलेली नसलेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत परत जमा व्हावी लागते. उशीर झाल्यास प्रतिदिन १०० रुपये भरपाई आहे. ठेवींच्या बाबतीतही कायदा बदलला. विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख रुपये झाली, आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आली. पेण अर्बनवर निर्बंध आले तेव्हा यांपैकी काहीही नव्हते.

रोलअपच्या वापरकर्त्यासाठी भारतात कर आहे, भरपाई नाही. आभासी मालमत्तेच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आणि १ जुलै २०२२ पासून हस्तांतरणावर १ टक्का करकपात लागू झाली. खंडाच्या काळात झालेल्या हानीबद्दल सीक्वेन्सर चालवणाऱ्या परदेशी कंपनीला जबाबदार धरणारा खास नियम नाही. शिवाय अनेक भारतीय वापरकर्ते स्वतःच्या वॉलेटऐवजी विनिमय कंपनीमार्फत व्यवहार करतात. १८ जुलै २०२४ रोजी मुंबईस्थित वझीरएक्सवर सायबर दरोडा पडून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची नाणी गेली आणि कंपनीने पैसे काढणे थांबवले. विनिमय पुन्हा सुरू होण्यास ऑक्टोबर २०२५ उजाडले. अशा ग्राहकांना कोणत्याही रोलअपच्या सक्तीच्या नोंदीचा उपयोग नव्हता, कारण त्यासाठी लागणारी सही करण्याची किल्ली त्यांच्यापाशी नव्हतीच. त्यांची अवस्था खातेदारापेक्षा ठेवीदाराच्या जवळची होती.

शासकीय वापरात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रांची पडताळणी-नोंद पॉलिगॉनवर करण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. त्यासाठी वापरलेली पॉलिगॉनची मूळ साखळी रोलअप नव्हे; तिचे स्वतःचे वैधताकर्ते आहेत. मात्र खंडाचा नियम तेथेही तोच लागू पडतो. साखळी काही तास थांबली, तर नवी नोंद होत नाही. आधी नोंदलेल्या प्रमाणपत्राची पडताळणी साखळीची प्रत बाळगणाऱ्या कोणत्याही नोडवरून करता येते. पडताळणीचे संकेतस्थळ एकाच नोडला जोडलेले असेल आणि नेमका तोच बंद असेल, तर साखळी चालू असूनही अर्जदारास प्रमाणपत्र सापडत नाही.

पॉलिगॉन झेडकेईव्हीएम हे रोलअप २०२६ मध्ये बंद करण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर झाला. जाहीर मुदतीने सीक्वेन्सर थांबवणे हाही एक प्रकारचा खंडच आहे, फक्त तो पूर्वसूचनेसह येतो. सूचना ज्यांच्यापर्यंत पोहोचली ते आपली रक्कम वेळेत इथेरियमवर हलवू शकतात; अनेक वर्षे न उघडलेल्या वॉलेटांच्या मालकांपर्यंत ती पोहोचवण्यासाठी कोणाकडेही त्यांचा पत्ता नाही.